रायबाच्या नवरीचं पुढं काय झालं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीदास शाहिराच्या तानाजीच्या पोवाड्यावरून सुचलेली एक नवी कथा आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी आली होती. तिच्यावर दोन वाचकांची पत्रे आपण छापलीत. एकांचे म्हणणे असे की सिंहगडाची गोष्ट कादंबरीत झाली, नाटकात झाली, पडद्यावर झाली, शाळेच्या पुस्तकात तर प्रत्येकाने वाचली. तीच ती पुन्हा कशाला? दुसऱ्यांचे म्हणणे, हा इतिहास आहे, त्यात कुणी पदरचे घालू नये. दोघांनीही तळमळीने लिहिले आहे. मला मात्र दोन्ही पटले नाही. का पटले नाही ते जरा सविस्तर लिहिते, कारण या पोवाड्यावर आमच्या घरची चूल पेटलेली आहे.

माझे वडील भूमिहीन होते. सुगी उरकली की जत्रांच्या दिवसांत ते एका शाहिराच्या मागे झील धरायला जात. शाहीर डफावर थाप टाकून चौक, म्हणजे पोवाड्याचा एकेक भाग, उचलायचा, एकाच्या हाती तुणतुणे, एकाच्या हाती झांज, आणि ‘जी जी रं जी’ची ओढ द्यायची ती वडिलांनी. मिळेल ती बिदागी आणि शिधा घेऊन ते परत येत. गावोगावी सगळ्यात जास्त मागणी तानाजीच्या पोवाड्याला असायची. शेवट ठाऊक नसलेला माणूस त्या मांडवात शोधून सापडला नसता. तानाजी पडणार आणि गड मिळणार हे पोरासोरांनाही माहीत. तरी शाहीर कड्यापाशी आला की माणसे पुढे सरकून बसत. मोरोपंतांनी १०८ रामायणे रचली असे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या श्रोत्यांना सीता कुणी पळवली हे काही ऐकायचे राहिले नव्हते.

आणि दर वेळी पोवाडा तोच असे, असेही नाही. समोर पोरे जास्त असली की घोरपडीचा चौक लांबायचा. घाटाखाली पोलादपूरच्या बाजूला गेले की रायबाच्या लग्नाच्या तयारीला जास्त वेळ मिळायचा, कारण तानाजींचे उमरठे त्याच मुलखातले, आणि ऐकणाऱ्यांना लग्न आपल्याच भावकीतले वाटायचे. बायका देवळाच्या ओसरीवर बसत. मध्ये चहापाण्याला थांबले की एखादी म्हातारी हटकून विचारायची, ‘शाहीर, त्या पोरीचं काय झालं पुढं? हळद लागली हुती का तिला?’ शाहीर हसून वेळ मारून नेत नसे. पुढच्या चौकात तो दोन ओळी जागेवर जोडायचा, आणि वडील त्यावर झील द्यायचे. वडील घरी आल्यावर आईला त्या नव्या ओळी म्हणून दाखवत. त्या कुणी लिहून ठेवल्या नाहीत. पुढच्या गावात म्हातारीने विचारले नाही तर त्या म्हटल्याही जात नसत.

नवी कथा लिहिणारा त्या म्हातारीच्या प्रश्नालाच उत्तर देत असतो, असे मला वाटते.

पहिल्या पत्रलेखकांनी ज्यांची नावे घेतली त्या पूर्वीच्या सांगणाऱ्यांकडे पाहा. हरिभाऊ आपट्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘गड आला पण सिंह गेला’ लिहिली तेव्हा त्यांच्यापुढे स्त्रीच्या दुःखाचा प्रश्न होता. तो त्यांच्या सगळ्या लेखनातच होता. म्हणून त्यांनी कमलकुमारीला गडावर आणले. मी वाचलेल्या पोवाड्याच्या पाठात ही कमलकुमारी कुठेही नाही. सावरकरांनी सिंहगडावर नवा पोवाडा रचला तेव्हा त्यांना पारतंत्र्याचा जाच सांगायचा होता, आणि सरकारला तो बरोबर कळला म्हणून त्यावर बंदी आली. १९२३ साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात मूकपट काढला तेव्हा रात्रीची चढाई कॅमेऱ्यात धरायची कशी हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यासाठी त्यांनी विजेच्या दिव्यांवर चित्रीकरण केले. त्यात शेलारमामा झाले होते तरुण शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. त्यांनीच पुढे १९३३ साली प्रभातसाठी आपट्यांच्या कादंबरीवरून बोलपट केला. या प्रत्येकाने पोवाड्याकडे आपला प्रश्न घेऊन जाऊन त्याला बोलते केले. त्यांनी सांगून झाले म्हणून आपण गप्प बसायचे असेल, तर आपल्याला पडलेले प्रश्न कुणाला विचारायचे?

मला जो प्रश्न पडला तो सांगते. तुळशीदासाच्या पोवाड्यात घोरपडीला नाव आहे, यशवंती. उदेभानाच्या हत्तीला नाव आहे, चंद्रावळी. त्याच्या सरदाराला, सिद्दी हिलालला, नाव आहे. पण जिच्या लग्नासाठी मांडव पडला होता त्या मुलीला मी वाचलेल्या पाठात नाव नाही. उदेभानाच्या अठरा बायकांपैकी एकीलाही नाही. गडाच्या पायथ्याला जे कोळी पहाऱ्यावर होते, ज्यांच्याकडून तानाजीने पाटलाचे सोंग घेऊन गडाची खबर काढली, त्यांच्या बायकापोरांचा तर उल्लेखच नाही. खबर देऊन झाली की कोळी पोवाड्यातून निघून जातात. गड घेतला जातो, तानाजी पडतो, महाराज येतात, रायबाचे लग्न महाराज स्वतः लावून देतात, आणि ते कोळी कुठे गेले हे कुणी सांगत नाही.

मी त्या कोळ्यावर, खरे तर त्याच्या बायकोवर, कथा लिहिली. ती एका दिवाळी अंकाकडून ‘विषय अनेकदा हाताळलेला’ असा शेरा घेऊन परत आली. आपल्या पत्रलेखकांचेही तेच म्हणणे आहे, म्हणून त्या कथेबद्दल थोडे लिहिते. कुठल्या हाताळलेल्या पुस्तकात ही बाई आली आहे ते मला कुणी दाखवावे, मी आनंदाने वाचीन.

पोवाड्यात उदेभानाचे वर्णन अचाट आहे. त्याचा एका वेळचा खुराक म्हणजे दीड गाय, दीड मेंढा आणि वर तांदळाची रास. शिवाय अठरा बायका. ऐकणारे हसतात. अभ्यासक याला शाहिरी अतिशयोक्ती म्हणून बाजूला ठेवतात. पण मी तो चौक कितीतरी वेळा वाचल्यावर माझ्या ध्यानात आले की हे वर्णन तानाजीला ऐकवणारे कोण आहेत, तर पायथ्याचे पहारेकरी. नाचणीची भाकरी आणि ठेचा खाऊन रात्र काढणाऱ्या माणसाने वर चढत जाणारी मेंढरे आणि तांदळाच्या गोणी खालून मोजल्या आहेत. त्या मोजणीत त्याची भूक मिसळलेली आहे. परक्या किल्लेदाराबद्दलची भीतीही आहे. ज्याला दीड गाय खाणारा राक्षस म्हणून सांगतो त्याच्याच चाकरीत आपण आहोत, हे त्याला रोज सकाळी उठून सोसायचे आहे. एवढे दिसल्यावर मला त्याच्या घरात जावेच लागले. त्याने पाहुण्या पाटलाकडून दागिने घेतले, पानसुपारी घेतली. ते दागिने त्याने बायकोच्या हातात ठेवले असतील का? तिने विचारले असेल का, की असे काय सांगितलेस तू त्याला?

मी सिंहगडाच्या पलीकडच्या अंगाला, वेल्ह्याकडे राहते. आमच्या बाजूने गडावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो. ही कथा लिहिताना मी कल्याण दरवाजाच्या बाजूने खाली उतरून कडा खालून पाहिला. माघात डोंगरावरचे गवत वाळलेले असते आणि त्यावरून अनवाणी पायसुद्धा सटकतो. गड घेतला ती रात्र माघ वद्य नवमीची, इंग्रजी तारीख ४ फेब्रुवारी १६७०. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्र उलटल्याशिवाय उगवत नाही. म्हणजे अर्धी रात्र काळोख, आणि मग अर्ध्या चंद्राचा उजेड. सभासदाच्या बखरीत आहे की गड घेतल्यावर मावळ्यांनी पागेच्या खणांना आग लावली आणि तिचा उजेड राजगडावरून महाराजांनी पाहिला. राजगडावरून दिसला तो जाळ मेटावरच्या, म्हणजे गडाखालच्या पहाऱ्याच्या ठाण्यावरच्या, झोपडीतून दिसल्यावाचून कसा राहील? माझ्या कथेतली बाई तो जाळ पाहते आणि तिला कळते की आपल्या नवऱ्याने काय सांगितले होते. नवरा अजून घरी आलेला नाही. गड कुणाचा झाला हे तिला माहीत नाही. उदेभान जिंकला असेल तर उजाडता उजाडता आपल्या दारात कोण येणार, हे तिला चांगले माहीत आहे. सगळी कथा एवढ्या दोन-तीन तासांची आहे.

तानाजी त्यात एकदाच येतो, पाटलाच्या वेषात, पाठमोरा. त्याच्याबद्दल नवे सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही, आणि त्याची गरजही नाही. पोवाड्याने त्याला इतके पुरते सांगितले आहे की त्याच्या सावलीत उभ्या असलेल्या माणसांकडे वळायला आपण मोकळे झालो आहोत. एखादी गोष्ट सर्वांना ठाऊक असणे ही लिहिणाऱ्याची फार मोठी सोय असते. मला उदेभान कोण, गड कुणाचा, हल्ला का, यातले काही समजावून सांगावे लागले नाही. मराठी वाचक ते घेऊनच येतो. मी ‘पाटील आला होता’ एवढे लिहिले की तो सावरून बसतो. ज्या बाईला काहीच माहीत नाही आणि ज्या वाचकाला सगळे माहीत आहे, त्या दोघांच्या मधल्या जागेत माझी कथा घडते. नव्याकोऱ्या विषयात ही जागा मिळाली नसती.

आता दुसऱ्या पत्राकडे वळते. इतिहासात पदरचे घालू नये, हे मला इतिहासापुरते शंभर टक्के मान्य आहे. पण पोवाडा म्हणजे इतिहास असे धरून चालल्यामुळे त्यांची गफलत झाली आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बसून बखर लिहिली. तिच्यात घोरपड नाही. दोन मर्दाने मावळे निवडून रात्री कड्यावर चढवले, ते वानरासारखे चढून गेले, त्यांनी वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि मग बाकीचे चढले, असे सभासद सांगतो. दोर कापल्याचा प्रसंगही त्याच्यात नाही. तानाजी आणि उदेभान दोघेही पडल्यावर सूर्याजीने लोक सावरून गड घेतला, एवढेच आहे. महाराजांच्या तोंडी सभासदाने घातलेले वाक्य आहे ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’. सिंहगड हे नाव तर १६७० च्या आधीच्या पत्रांत सापडते.

पोवाड्यात जिजाऊ प्रतापगडावर आहेत, तिथून त्यांना सिंहगड दिसतो, त्या महाराजांना राजगडावरून बोलावून घेतात, त्यांच्याशी डाव मांडतात आणि जिंकल्यावर हा गड मागतात. आमच्याकडची शाळकरी मुलेसुद्धा सांगतील की सिंहगड डोळ्यांसमोर दिसतो तो राजगडावरून. म्हणजे पदरचे घालण्याचे काम शाहिराने स्वतःच आधी केलेले आहे, आणि फार सुंदर केलेले आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले होते. ते दुःख, तो अपमान, त्यानंतरची पाच वर्षांची धुसफूस, हे सगळे त्याने एका आईच्या खिडकीत आणि एका डावात आणून बसवले. तहाची कलमे पाठ नसलेल्या माणसाला त्यातून समजते की किल्ला गेला म्हणजे काय गेले.

छापील पोवाडा तरी एकच आहे का? हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापला. ॲक्वर्थ म्हणजे मुंबईचे तेव्हाचे आयुक्त. वडाळ्याचे कुष्ठरोग्यांचे रुग्णालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. गोंधळ्यांच्या तोंडून ऐकून हे पोवाडे उतरवून घेतले गेले. १८९४ मध्ये ॲक्वर्थने त्यातल्या काहींचे इंग्रजी पद्य करून छापले. पुढे १९२८ मध्ये य. न. केळकरांचा ऐतिहासिक पोवाड्यांचा पहिला खंड आला. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणतो ते कुणा गोंधळ्याने, कुणा श्रोत्यांसमोर, आपल्या परीने म्हटलेले आहे. त्याच्या आधी दोनशे वर्षे तो पोवाडा तोंडातोंडांतून फिरला. माझ्या वडिलांच्या शाहिराने जोडलेल्या दोन ओळी जशा हवेत विरल्या, तशा किती विरल्या असतील. शाळिग्रामांच्या कानावर पडल्या त्या टिकल्या, आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला फार आदर आहे. पण कागदावर उतरला त्या दिवशी पोवाडा संपला असे मानणे त्या गोंधळ्यांवर अन्याय करणारे आहे.

म्हणून माझे मागणे असे की कथेवर ‘कथा’ असे स्पष्ट छापावे, आणि कोणत्या गोष्टी पोवाड्यातल्या, कोणत्या बखरीतल्या, कोणत्या आपल्या, हे लेखकाने शेवटी चार ओळींत सांगावे. ज्याला इतिहास हवा त्याने सभासद वाचावा, समकालीन पत्रे वाचावीत. कथा वाचून इतिहास कळला असे कुणी मानू नये आणि लेखकाने तसे मानू देऊ नये.

एक मर्यादा मी स्वतःवर घालून घेते आणि इतरांनीही घालावी असे मला वाटते. नाव असलेल्या माणसांच्या पदरी आपण लाजिरवाणे कृत्य बांधू नये. उमरठ्याला तानाजींची समाधी आहे. चंदगड तालुक्यातल्या पारगडावर मालुसरे घराण्यातली माणसे आजही नांदतात. त्यांच्या पूर्वजाबद्दल केवळ खळबळ उडावी म्हणून काही रचणे मला करवणार नाही. कल्पनेला मोकळे रान हवे असेल तर बिननावाची माणसे पोवाड्यात पुष्कळ आहेत.

हीच गोष्ट उदेभानाची. तो राठोड रजपूत होता, आपल्या मुलखापासून शेकडो कोस दूर, मोगलांच्या चाकरीत, सह्याद्रीच्या एका गार वाऱ्याच्या गडावर. अलीकडच्या सांगण्यात त्याला काळे कपडे घालून क्रूरपणाचा पुतळा केला की काम भागते, असे दिसते. पोवाड्यातला उदेभान अचाट आहे, राक्षसी आहे, पण तो कोळ्यांच्या डोळ्यांतून दिसलेला आहे हे मी वर लिहिले. नव्या लेखकाने त्याच्याकडे कुणाच्या डोळ्यांनी पाहायचे ते आधी ठरवावे. त्याच्याबरोबर गडावर पडलेल्या रजपुतांचीही घरे होती, आणि तिकडेही कुणीतरी वाट पाहत असेल. ती कथा मराठीत लिहिली गेली तर तानाजीचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

उसनवारीबद्दलही लिहायला हवे. शाळेत शिकवत असताना मी मुलांना हा पोवाडा सांगून त्यावर गोष्ट लिहायला लावत असे. गेल्या काही वर्षांत बहुतेक वह्यांत तेच प्रसंग, तीच वाक्ये, तीच मारामारी येऊ लागली. २०२० च्या हिंदी सिनेमातून ती जशीच्या तशी उचललेली असत. मुलांचा दोष नाही. त्यांनी पोवाडा ऐकलेलाच नव्हता. मोठी माणसेही असेच करतात तेव्हा मात्र वाईट वाटते. पोवाडा कुणा एकाच्या मालकीचा नाही, तो सगळ्यांचा आहे; पण कादंबरीकाराने घातलेले पात्र किंवा सिनेमाने रचलेला प्रसंग त्या त्या माणसाचा आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो. हरिभाऊ १९१९ साली गेले, त्यामुळे त्यांची कमलकुमारी कायद्याने आता कुणीही घेऊ शकतो. घ्यावी, पण हरिभाऊंकडून घेतली असे सांगून घ्यावी. सिनेमातले प्रसंग तर कायद्यानेही घेता येणार नाहीत. आणि घेऊन मिळते काय? दुसऱ्याने आपल्या प्रश्नासाठी शोधलेले उत्तर आपल्या कथेत शोभत नाही. लिहू इच्छिणाऱ्याने कमीत कमी एकदा तरी सगळा पोवाडा, सगळे चौक, मोठ्याने वाचावा. डोळ्यांनी वाचून त्यातली निम्मी माणसे दिसत नाहीत.

वर्गात मी तेच करू लागले. पोवाडा मोठ्याने म्हणायचा आणि मग मुलांना विचारायचे, यात कुणाला नाव नाही ते शोधा आणि त्याच्यावर लिहा. एका मुलीने रायबाच्या नवरीवर लिहिले. लग्न लागल्यावर सासरी सगळे तिच्याशी प्रेमाने वागतात, पण तिच्या मांडवाची आठवण निघाली की सासूच्या डोळ्यांत पाणी येते, आणि मग घरात तिच्या लग्नाचा विषयच कुणी काढत नाही, असे तिने लिहिले होते. सातवीतल्या मुलीने. आणखी एकाने दोर वळणाऱ्यावर लिहिले. त्याने किती पदरी दोर वळला, रात्री तो किती माणसांचे वजन पेलेल, याचा हिशोब दोर वळणारा अंथरुणात पडल्या पडल्या करतो.

एका कातकरी मुलाने घोरपडीवर लिहिले. नाव असलेली निवडलीस, असे मी म्हटले, तर तो म्हणाला, नाव आहे पण तिचं कुणी ऐकत नाही. पोवाड्यात यशवंती कड्यावरून माघारी फिरते. तानाजी चिडतो. सत्तावीस गड हिच्या जोरावर घेतले, कधी फिरली नाही, आज फिरली तर कापून खाईन, असे तो म्हणतो, आणि ती पुन्हा चढते. त्या मुलाला आजोबांकडून ऐकून माहीत होते की घोरपड कपारीत शिरली की अंग फुगवून घट्ट बसते आणि ओढून निघत नाही. त्याने लिहिले की यशवंतीला वर काय होणार ते समजले होते, ती मालकाला सांगत होती, आणि शेवटी ती कपारीत अंग फुगवून बसली ती दोर धरून ठेवण्यासाठी. सगळे चढून गेल्यावरही ती तिथेच बसून राहिली, कारण तिला उतर म्हणणारा परत आलाच नाही. घोरपडीला दोर बांधून कडा चढता येत नाही, हे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचे बरोबरही असेल. पण या मुलाने जे लिहिले ते मला कुठल्याही छापील कथेत वाचायला मिळालेले नाही. तो मुलगा पुढे शाळेत टिकला नाही, वीटभट्टीवर गेला. त्याची वही माझ्याकडे आहे.

पोवाड्याच्या अंगात नवे घेण्याची ताकद किती आहे, हे अण्णा भाऊ साठ्यांनी १९४३ सालीच दाखवून दिले. स्टालिनग्राडच्या लढाईवर त्यांनी पोवाडा रचला आणि तो मुंबईच्या कामगार वस्त्यांनी डोक्यावर घेतला. त्याआधी १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचताना शेतकऱ्याच्या बाजूने सगळी गोष्ट नव्याने मांडली. त्या वेळीही विषय जुनाच होता. पोवाड्याचा बाज घेऊन नवा विषय मांडता येतो, तसा पोवाड्याचा विषय घेऊन नवी कथाही मांडता आली पाहिजे.

पत्र लांबले, पण मागणी छोटी आहे. आपल्या पुरवणीत माघ वद्य नवमीच्या आठवड्यात तुळशीदासाच्या पोवाड्याचा एखादा चौक छापावा, आणि शेजारी त्यावरून सुचलेली एखादी नवी कथा. पोवाडा जुना, त्याच्या छपाईला कुणाची परवानगी लागत नाही. कथा मागवताना ‘विषय नवा असावा’ ही अट काढून टाकावी आणि ‘पोवाडा पूर्ण वाचून लिहावे’ ही घालावी. चौक निवडायचा झाला तर पायथ्याच्या कोळ्यांचा निवडावा, अशी माझी विनंती आहे. तो सिनेमात आटोपता घेतात आणि शाळेच्या पुस्तकात तर गाळूनच टाकतात. पहिल्या कथांमध्ये शाळेतल्या मुलांना जागा मिळाली तर मी त्या वहीतली यशवंतीची गोष्ट, त्या मुलाला शोधून, त्याची परवानगी घेऊन, आपल्याकडे पाठवीन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
वेल्हे, जि. पुणे